उतरत्या कडेवरचा अंगठा

मी रसायनशास्त्रात पीएचडी केली ती आबांच्या एका तक्रारीमुळे. ती तक्रार मी सोडवली नसती तर बरं झालं असतं, असं आता रोज वाटतं.

आबा म्हणजे माझे वडील, प्रल्हाद सुतार. कराडजवळ ओगलेवाडीला त्यांचा पॅनेलचा कारखाना होता. कारखाना हा शब्द त्यांचा. प्रत्यक्षात ती पत्र्याची शेड होती. तिथे आबा लाकूड तासायचे, त्यांचे जोडीदार गफूरचाचा पॉलिश मारायचे आणि माझी आई शशिकला पॉलिश पेपरने घासकाम करायची. बैठकीच्या भिंतीला शोभेसाठी लावतात ती सागवानी पॅनेलं, चारी बाजूंनी कड तिरकी उतरवलेली. त्या उतरत्या कडेवर उजेड पडला की साधी भिंतसुद्धा उठून दिसते. गिऱ्हाईक खूश असायचं, पण दोनच वर्षं. मग कडेवरचं पॉलिश उडायचं, लाकूड उघडं पडायचं आणि फोन यायला लागायचे.

"सपाटीवर पॉलिश धा वर्षं हलत न्हाय, मग कडंलाच का मरतंय?" आबा मला विचारायचे. मी तेव्हा बारावीला होते. "तुमच्या शास्त्रात ह्येला औषध न्हाय का?"

औषध नव्हतं, कारण होतं. ओलं पॉलिश धारेवर थांबत नाही. पृष्ठताणामुळे ते धारेवरून अंग चोरतं आणि सपाटीकडे सरकतं. त्यामुळे धारेवरचा थर सगळ्यात पातळ राहतो. आणि माणसाचा हात, फडकं, सोफ्याचा कोपरा हे सगळं लागतं नेमकं तिथेच. जगभरातले रंगवाले या दुखण्यावर एकच उपाय करतात, कड गोल करतात. आबांना गोल कड म्हणजे आळशी माणसाचं काम वाटायचं.

उत्तर सापडायला मला बावीस वर्षं लागली. पुण्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी जे लेपन तयार केलं त्याचं नाव कंपनीने ठेवलं 'नितळ'. त्यात रेणूंच्या लांबलचक साखळ्या आहेत. उबेने त्यांच्या कड्या सुटतात आणि पुन्हा अडकतात, त्यामुळे वाळल्यावरही थर अगदी सावकाश सरकू शकतो. जिथे झीज होईल तिथे तो जातो आणि भरून काढतो. भरायला लागणारा माल तो हवेतल्या ओलाव्यातून आणि माणसाच्या हाताच्या तेलकटपणातून घेतो. पण झीज झाली हे त्याला कळावं, म्हणून मूळ रूप कसं होतं ते त्याच्या लक्षात राहायला हवं. ते त्याला पहिल्या सहा तासांत शिकवावं लागतं. लेप दिल्यापासून सहा तासांत जे रूप मिळेल, तेच तो आपलं खरं रूप मानतो आणि पुढे आयुष्यभर तिथेच परत येत राहतो.

म्हणून डब्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'सहा तास हात लावू नये.' तो मजकूर मीच लिहिला होता.

पहिला डबा मी आबांना पाठवला. २०४३ सालचा जून होता. आबा बहात्तर वर्षांचे होते, शेड बंद होऊन चार वर्षं झाली होती, तरी डबा बघून त्यांनी दुपारचं जेवण अर्धं टाकलं. आमच्याच बैठकीतली सहा पॅनेलं त्यांनी स्वतः घासून, पुसून, नवीन लेप दिला. मी दुसऱ्या दिवशी पुण्याहून विनाचालक गाडीने पोचले, तर कडा आरशासारख्या झाल्या होत्या. मी हरखून गेले. आणि मग तिसऱ्या पॅनेलच्या उजव्या कडेवर, छातीच्या उंचीला, मला एक खळगा दिसला. शेंगदाण्याएवढा. त्यात रेषा होत्या.

आबांची एक पद्धत होती. कुठलंही पॅनेल पूर्ण झालं की ते उजव्या हाताचा अंगठा चारी कडांवरून फिरवायचे, आणि शेवटी एका जागी तो दाबून क्षणभर उभे राहायचे. त्याशिवाय पॅनेल शेडबाहेर जायचं नाही. हा अंगठा साधा नव्हता. तरुणपणी गोल करवतीने त्याची शीर तोडली होती, तेव्हापासून पहिल्या पेराला तो बाहेरच्या बाजूला वाकडा झाला होता. त्या वाकड्या अंगठ्याला केसाएवढा उंचवटाही कळायचा.

"आबा, डब्यावर काय लिहिलंय?" मी चिडून विचारलं.

"वाचलं की."

"मग?"

"ते गिऱ्हाइकाला लिवलंय."

मी हसले. वर आणखी म्हणाले, राहू दे, तुमची सही झाली. पाच आठवड्यांनी आबा बंद शेडमध्ये जुन्या स्टुलावर बसल्या बसल्या गेले. हृदय बंद पडलं. गफूरचाचांना ते दिसले तेव्हा हातात पॉलिश पेपरचा तुकडा होता.

दिवसकार्य झाल्यावर मी पुण्याला परतले. आई एकटीच राहायला लागली. फोनवर ती बरी बोलायची. एकदा म्हणाली, "सकाळचा च्या घिऊन मी त्या खळग्यात अंगठा ठिवून बसते. लई गार वाटतंय जिवाला." मला भरून आलं. मी म्हटलं, बस की, कोण नको म्हणतंय.

तेव्हा माझ्या डोक्यात शास्त्र नव्हतं. बाप गेला की ते कुणाच्याच डोक्यात नसतं, असं मी स्वतःला सांगत असते.

नोव्हेंबरात मी आईला घेऊन बँकेत गेले, हयातीचा दाखला द्यायला. आईला कारागिरांची पेन्शन आहे आणि दरवर्षी आपण जिवंत आहोत हे तिला यंत्रापुढे सिद्ध करावं लागतं. आता नंबर वगैरे सांगावा लागत नाही. अंगठा ठेवला की यंत्र स्वतःच नाव शोधून काढतं. पण आईचा अंगठा कुठल्याच यंत्राने कधी ओळखला नव्हता. तीस वर्षं पॉलिश पेपरने लाकूड घासता घासता तिच्या बोटांवरच्या रेषाही घासून गेल्या होत्या. दरवर्षी खिडकीतले कणसे नावाचे कारकून दोनदा अंगठा ठेवायला लावायचे आणि मग डोळ्यांचा फोटो घ्यायचे.

या वेळी पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा लागला.

"वा, मावशी! अंगठा उगवला की तुमचा," कणसे म्हणाले. मग पडद्याकडे बघून थांबले. त्यांनी चष्मा पुसला. "ही काय भानगड? प्रल्हाद सुतार दाखवतंय. मयत."

त्यांनी आणखी तीनदा अंगठा घेतला. तिन्ही वेळा यंत्राने आबांचं नाव सांगितलं. कणसे यंत्राला शिव्या घालत डोळ्यांचा फोटो काढायला लागले. आई मात्र पडद्यावरच्या नावाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर लग्नातल्या फोटोत आहे तसं हसू होतं.

घरी येऊन मी भिंग काढलं. आईच्या उजव्या अंगठ्यावर पारदर्शक पापुद्रा होता, कांद्याच्या आतल्या सालीइतका पातळ. त्या पापुद्र्यावर स्वच्छ, गोल, भरगच्च रेषा होत्या. मधोमध आडवी एक खूण, करवतीची.

मला समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. खळग्यात आबांच्या अंगठ्याचा साचा होता. त्या साच्यात आईने रोज आपला गुळगुळीत, झिजलेला अंगठा ठेवला. नितळला ऊब मिळाली, तेल मिळालं आणि समोर झीज दिसली. झीज भरून काढणं हे त्याचं कामच. आणि अंगठा म्हणून त्याला एकच अंगठा माहीत होता. लाकडावरून ते आईच्या हातावर सरकलं आणि आईला दुरुस्त करायला लागलं. मी पॅनेलकडे धावले. खळगा नाहीसा झाला होता. त्या जागी चार बोटं रुंद उघडं लाकूड होतं. लाकडाला ऊब नव्हती, म्हणून सगळा माल उठून आईकडे गेला होता.

मी त्याच दुपारी कंपनीला फोन करून डबे बाजारात जाण्यापासून थांबवले. सगळ्या प्रकरणात तेवढंच एक शहाणपण माझ्याकडून झालं. मग मी रजा टाकून ओगलेवाडीलाच राहिले.

ॲसिटोनने पापुद्रा निघाला नाही. चिमट्याने कोपरा उचलून मी एक तुकडा काढला, तर दिवे लागेपर्यंत ती जागा भरून आली होती. आणि नितळचा जो गुण मिळवायला मी आयुष्य घातलं, तो आता माझ्यासमोर उभा राहिला: ते सपाटीवरून कडेकडे सरकतं. अंगठ्याच्या पोटावरून ते नखाच्या कडेला गेलं, तिथून पेरावर, पेरावरून तळहाताकडे. आई तव्यावरची भाकरी उजव्या अंगठ्याने उलटायची आणि तिला चटका लागायचा नाही. एकदा कातडी भाजल्याचा वास मला स्वयंपाकघराबाहेर आला, आई मात्र गाणं गुणगुणत होती.

आठव्या दिवशी तिचा अंगठा पहिल्या पेराला वाकायला लागला. बाहेरच्या बाजूला.

"बघ, बघ," आईने हात उजेडात धरला. "अगदी त्येंच्यासारका."

मी तिला कराडच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हात बराच वेळ पाहिला. थर आवळत चालला होता, रक्त पुढे जात नव्हतं, नख निळं झालं होतं. कापून काढायचं तर खाली कातडी राहणार नव्हती. "आठवड्याभरात अंगठा जाईल," ते म्हणाले. "मनगटाला वेढा बसला तर हात. तुम्हीच बनवलंय ना हे? मग काढायचं कसं तेही तुम्हीच सांगा."

मला माहीत होतं. एक द्रावण आहे, त्याने नितळ पुन्हा पहिल्या दिवसासारखं मऊ होतं आणि शिकलेलं हळूहळू विसरायला लागतं. त्यानंतरच्या सहा तासांत ते नवं रूप शिकतं. गुळगुळीत रबरी हातमोज्यात तो अंगठा सहा तास धरून ठेवला, तर ते शिकेल की आपल्याला रूपच नाही. मग धरून राहण्यासारखं काही उरणार नाही आणि ते सालीसारखं गळून पडेल. आबांच्या रेषांसकट.

मी आईला हे सांगितलं. गफूरचाचाही आले होते. आई उठली आणि भांडी घासायला लागली.

"वहिनी, हात जाईल," गफूरचाचा म्हणाले.

"जाऊ दे की, गफूरभावजी. मला आता काय पॅनेलं घासायच्यात?"

"आई, असं वेड्यासारखं बोलू नकोस!" मी ओरडले. मी खरंच घाबरले होते. सहा महिन्यांत दोघं गेली तर माझं कोण होतं? लग्नाचं जमलं नाही, मैत्रिणी प्रयोगशाळेतल्या, तिथल्या तिथे. आईशिवाय मला फोन करायला माणूस नव्हतं.

दोन दिवस ती ऐकेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तीच माझ्याजवळ येऊन बसली. डाव्या हाताने तिने आपला उजवा अंगठा धरला होता.

"रूपा, ह्यो अंगठा त्येंचा हाय, पर मला कळत न्हाय गं," ती म्हणाली. "हिकडून धरला तर मेणाचा वाटतोय. आनि त्यो मला धरतोय का, त्ये बी कळत न्हाय. आपलाच अंगठा आपल्याला कसा धरता येनार?" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आबा गेल्यावरही ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. "काढ. काय करायचं त्ये कर."

सकाळी नऊला मी द्रावण लावलं. माझ्या दोन्ही हातांत रबरी हातमोजे चढवले, आईचा अंगठा मुठीत घेतला आणि आम्ही दोघी बैठकीत पॅनेलांसमोर सतरंजीवर बसलो. हलायचं नव्हतं. गफूरचाचा मधूनमधून येऊन आम्हाला पाणी पाजायचे, वाटीने.

आईने आबांच्या गोष्टी काढल्या. लग्नानंतर पहिल्यांदा शेडमध्ये आली तेव्हा तिला पॉलिशच्या वासाने चक्कर आली होती. आबांनी तिला घासकाम शिकवलं ते तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून. "चार मान्सांत हात धरायचा न्हाई कुनी तवा. कामाच्या नावाखाली धरायचे," ती म्हणाली आणि लाजली. मीही हसत होते. बाराच्या सुमाराला मोज्याच्या आतून मला तिचा अंगठा जरासा गरम लागला. रक्त फिरायला लागलं होतं.

एक वाजता ती म्हणाली, "मोजा काढ की."

"चालत नाही, आई."

"रबराला काय कळतंय? चार तास झालं, मला कुनी धरलंय असं वाटंना झालंय. मान्साचा हात लागू दे. लेकीचा लागू दे."

डब्यावरचा लाल मजकूर लिहिणारी मी. पीएचडी मी. बावीस वर्षं मी या एका पदार्थासोबत काढली होती आणि ते काय करतं हे जगात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण मी सुताराच्या घरात वाढले होते. आमच्याकडे मोजा घालून कुणी लाकडाला हात लावत नाही आणि माणसाला तर नाहीच. चार तासांत जुनं रूप पुसलं गेलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. मी मोजा काढला.

तीन वाजता मी मूठ उघडली. आईचा अंगठा सरळ होता, गुलाबी होता, जागोजागी सुरकुतलेला आणि रेषांशिवायचा. मी त्याला टाचणी लावली तर ती "आई गं!" म्हणून ओरडली. मी तिला मिठी मारली. गफूरचाचा दारात उभे राहून डोळे पुसत होते. मी सतरंजीवर, साडीच्या निऱ्यांमध्ये गळून पडलेला पापुद्रा शोधायला लागले. मिळाला नाही.

"कुठं पडलं गं?" मी विचारलं.

आई माझ्या हाताकडे बघत होती.

माझी बोटंही झिजलेलीच. बावीस वर्षं द्रावणांत घातली की कुणाच्याही बोटांच्या रेषा जातात. प्रयोगशाळेचं दार उघडायला मला कार्ड लागतं. नितळला झिजलेला, गरम अंगठा मिळाला होता. आणि ते काहीच विसरलं नव्हतं. चार तासांत विसरतं, ही माझी समजूत होती. मी अंगठा उजेडात धरला. मधोमध आडवी खूण होती.

मला वाटलं होतं, आई किंचाळेल. तिने हलकेच माझा हात आपल्या मांडीवर घेतला, अंगठ्याभोवती बोटं मिटली आणि डोळे मिटून बसली. तिला आता सगळं कळत होतं. तिचा स्वतःचा जिवंत अंगठा होता आणि धरायला समोर दुसरा होता. मोजा काढ म्हणाली तेव्हा तिला हे माहीत होतं का? मी अजून विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

याला आता सात आठवडे झाले. मी शिकले आहे की रोज सकाळी तासभर द्रावणात बुडवून ठेवलं तर थर आवळत नाही, फक्त सरकतो. तो मनगटाच्या वर आलाय. अंगठा वाकलाय. हे मी डाव्या हाताने टाइप करते आहे. उजव्या हाताला काहीच कळत नाही. पूर्ण सहा तास कुणी हातमोजा घालून माझा अंगठा धरून बसलं तर तो थर अजूनही निघेल. गफूरचाचा दर शुक्रवारी नमाज पढून येतात आणि विचारतात, "बसू का, बेटा?" मी म्हणते, पुढच्या आठवड्यात.

कारण आई जेवायला लागली आहे. केस विंचरते, फुलं आणते. रोज संध्याकाळी सहा वाजता ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसते आणि अंगठा हातात घेऊन दिवसभराचं सगळं सांगते. कोण आलं, काय भाजी केली, स्वरूपा, म्हणजे मी, कशी वाळत चाललीय. बोलताना ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नाही. पहिल्यांदा मला राग आला. मी तिची लेक आहे, इथे शेजारी बसले आहे, माझ्याशी बोल, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. दोनदा मी हात काढून घेतला. दोन्ही वेळा ती इतकी एकटी दिसली की मी परत दिला.

काल तिने भाजी निवडता निवडता मान वर केली नाही आणि हाक मारली, "अहो."

घरात आम्ही दोघीच होतो. मी ओ दिली.